खेकड्यांना कुणाचा शेजार मानवतो?

सप्टेंबर उजाडला की आमच्या लायब्ररीत पुस्तकांबरोबर खेकडेही परत येऊ लागतात. न्यू जर्सीतल्या एका गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी मुलांचा विभाग सांभाळते. समुद्रकिनारा इथून गाडीने तासाभरावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या बोर्डवॉकवर टी-शर्ट, टॅफी आणि पिझ्झाच्या दुकानांच्या मधोमध तारेच्या पिंजऱ्यांत शंखातले खेकडे विकायला ठेवलेले असतात. शंखांवर फुटबॉल, झेंडे, कार्टूनमधले चेहरे रंगवलेले. ‘पिंजरा घ्या, खेकडा फुकट’ अशाही पाट्या दिसतात. ओशन सिटी या गावी तर ऑगस्टमध्ये ‘मिस क्रस्टेशियन’ नावाची खेकड्यांची सौंदर्यस्पर्धा भरते. नटवलेले खेकडे घेऊन पोरं रांगेत उभी राहतात आणि जिंकणाऱ्याला ‘कुकंबर रिंड कप’, म्हणजे काकडीच्या सालीचा चषक मिळतो. मग शाळा सुरू होते, हौस फिटते, आणि एखादी आई बुटांच्या खोक्यात तो जीव घेऊन माझ्या टेबलाशी येते. “तुमच्याकडे टाकी आहे ना? त्यातच हाही राहील की!”

राहील का, हाच प्रश्न आहे. उत्तर देण्याआधी मी खोक्याचं झाकण उघडून बघते, कारण खोक्यातून काय निघेल याचा नेम नसतो.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. आमच्याकडे कुर्लीचा संबंध थेट वाटणाशी. व्हिडिओ कॉलवर आईला ही टाकी दाखवली तेव्हा ती म्हणाली, “गो, कुर्ल्यांका जेवाण घालतंस? आमी कुर्ल्यांचा जेवाण करतंव!” हसून झाल्यावर तिने विचारलेला प्रश्न मात्र नेमका होता. इतके सगळे एकत्र कोंडलेस, ते भांडत नाहीत का?

भांडतात. पण एकत्र ठेवलेले खेकडे मरतात ते बहुतेक वेळा चुकीच्या पाण्याने, कोरड्या हवेने किंवा कात टाकताना आडोसा न मिळाल्याने. म्हणून दोन जाती जुळतील का हे ठरवताना आधी त्यांचा पत्ता विचारायचा आणि स्वभाव नंतर.

आधी पत्ता

खऱ्या खेकड्यांच्याच जगभरात सुमारे ७,००० जाती आहेत. शंखात राहणारे हर्मिट क्रॅब, म्हणजे संन्यासी खेकडे, हा त्यांच्याहून वेगळा गट. कुणी प्रवाळात राहतं, कुणी खारफुटीच्या चिखलात, कुणी नदीत, तर कुणी दमट जंगलातल्या पाचोळ्याखाली. दुकानात मात्र हे सगळे एकाच फळीवर, ‘खेकडा’ एवढ्याच पाटीखाली येतात. तिथूनच घोटाळा सुरू होतो.

टाकीतल्या पाण्याचा खारेपणा हायड्रोमीटर या साध्या उपकरणाने मोजता येतो. गोड्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०००, समुद्राच्या पाण्याचं साधारण १.०२५, आणि खाडीच्या मचूळ पाण्याचं या दोहोंच्या मध्ये. टाकी एक असेल तर पाणीही एकच. कॅरिबियन प्रवाळातला हिरवागार एमराल्ड खेकडा पूर्ण खाऱ्या पाण्याचा. गोड्या पाण्यात तो तगणार नाही. उलट जमिनीवरचा हर्मिट क्रॅब कायम पाण्यात ठेवला तर बुडून मरतो. हे ऐकून लोकांना धक्काच बसतो, कारण खेकडा म्हटला की तो पाण्यातलाच, असं सगळ्यांनी धरलेलं असतं.

तीन जाती, एक हवा

आमची टाकी ५५ गॅलनची, म्हणजे दोनशे लिटरच्या थोडी वर. तिच्यात पाणी फक्त दोन भांड्यांपुरतं, बाकी सगळी ओली वाळू. सध्या तिच्यात तीन जाती नांदतात. सगळ्यात जास्त आहेत ते कॅरिबियन, शास्त्रीय नाव सीनोबिटा क्लायपिएटस. यांची डावी नांगी मोठी आणि जांभळी. घाबरला की तीच नांगी शंखाच्या तोंडाशी आडवी लावून दार बंद. दुसरे इक्वेडोरियन, सीनोबिटा कॉम्प्रेसस, अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे. डोळे लांबट, रंग मातकट, आणि चाल अशी की हातावर घेतलेला खेकडा क्षणात कोपरापर्यंत पोचतो. तिसरा सीनोबिटा रुगोसस, हिंदी आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवरचा. आपल्या अंदमानातही तो आहे. त्याच्या डाव्या नांगीवर तिरप्या टाक्यांसारख्या रेघा असतात.

जमिनीवर राहणाऱ्या सीनोबिटा वंशाच्या जाती एकत्र राहू शकतात, कारण त्यांना हवा एकाच प्रकारची लागते. हे सगळे बदललेल्या कल्ल्यांनी श्वास घेतात आणि ते कल्ले दमट हवेतच काम करतात. आर्द्रता ७५ ते ८५ टक्के, तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस. आपल्या कोकणात पावसाळ्यात ही हवा फुकट मिळते. इथे जानेवारीत घरोघरी हीटर चालू असतात आणि ओठ फुटतील इतकी कोरडी हवा असते. बोर्डवॉकवरचा तारेचा पिंजरा अशा खोलीत ठेवला की आतल्या खेकड्याचा जीव हळूहळू गुदमरतो. त्याला लागते काचेची टाकी, काचेचंच झाकण आणि मागच्या काचेला बाहेरून चिकटवलेली उबेची पट्टी. ती पट्टी टाकीच्या तळाशी कधीच लावायची नाही, कारण वाळूत खाली पुरून बसलेला खेकडा तिथे भाजून निघतो.

पाण्याच्या दोन भांड्यांपैकी एकात क्लोरीन काढलेलं गोडं पाणी, दुसऱ्यात मत्स्यालयाचं सागरी मीठ घालून केलेलं खारं पाणी. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. शंखात थोडं पाणी साठवून हे खेकडे आपलं पोट आणि कल्ले ओले ठेवतात. इथे जातीजातींत फरक पडतो. कॅरिबियन खेकडा दोन्ही भांड्यांवर जातो. इक्वेडोरियनला खाऱ्या पाण्याची ओढ फार. ते नसेल तर तो फार काळ तग धरत नाही. म्हणून वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवायच्या असतील तर टाकी सगळ्यात नाजूक जातीच्या हिशोबाने लावायची. बाकीच्यांना जास्तीच्या सोयीने त्रास होत नाही. याच कुटुंबातला लालभडक, पांढऱ्या ठिपक्यांचा ‘स्ट्रॉबेरी’ खेकडा, सीनोबिटा पर्लेटस, दिसायला सगळ्यात देखणा आणि जगवायला सगळ्यात अवघड. फोटो बघून तो मागवणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणून सांगते.

भांडणाचं मूळ: शंख

या टाकीतली मारामारी जातीवरून होत नाही, शंखावरून होते. हर्मिट क्रॅबचं पोट मऊ असतं, ते झाकायला दुसऱ्याचा रिकामा शंख लागतो, आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधावा लागतो. एकजण दुसऱ्याच्या पाठीवर चढून त्याचा शंख गदागदा हलवू लागला, आतून बेडकाच्या पिल्लासारखी चिरचिर ऐकू आली, की समजावं, घरावरून बखेडा चाललाय.

मोकळ्या किनाऱ्यावर यावर एक शिस्तशीर तोडगाही दिसतो. एखादा मोठा रिकामा शंख सापडला की खेकडे लहान-मोठ्याच्या क्रमाने रांग लावतात. पहिला नव्या शंखात शिरला की दुसरा त्याच्या सोडलेल्या शंखात, तिसरा दुसऱ्याच्या, आणि क्षणार्धात सगळ्या रांगेची घरं बदलतात. मार्क लेडर या जीवशास्त्रज्ञाने कोस्टारिकाच्या किनाऱ्यावर इक्वेडोरियन खेकड्यांचा अभ्यास केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संशोधनातून दिसतं की हे खेकडे शंख आतून झिजवून, पोखरून प्रशस्त करतात, आणि मोठ्या खेकड्यांना असे वापरून सैल झालेले शंखच लागतात. म्हणजे घरासाठी त्यांना एकमेकांची गरज असते. संन्यासी नाव असलं तरी हा प्राणी एकट्याने ठेवण्याचा नाही.

जाती मिसळल्या की याचा एक फायदा होतो. कॅरिबियन खेकड्याला गोल तोंडाचा शंख आवडतो, इक्वेडोरियनला लांबट, इंग्रजी डी अक्षरासारख्या तोंडाचा. त्यामुळे दोघांची नजर एकाच घरावर सहसा जात नाही. पण हे तेव्हाच, जेव्हा दोन्ही तऱ्हेचे शंख टाकीत मुबलक असतील. माझा हिशोब दर खेकड्यामागे तीन-चार जास्तीच्या शंखांचा आहे, आणि तेही वाढत्या मापांचे. नवे शंख आधी उकळून, गार करून ठेवते. रंगवलेले शंख टाकीत ठेवत नाही, कारण खेकडे खरवडून खरवडून त्यावरचा रंग खातात. पण म्हणून आलेल्या खेकड्याला रंगीत शंखातून ओढून काढायचं नाही; तो फाटेल पण सोडणार नाही. बाजूला चांगले शंख मांडून ठेवले की तो आपणहून घर बदलतो.

वाळूखालचे दिवस

खेकड्याचं कवच वाढत नाही. अंग वाढलं की जुनं कवच टाकावं लागतं आणि नवं कडक होईपर्यंत तो लोण्यासारखा मऊ असतो. आपल्याकडचे मासेखाऊ मऊ चिंबोरी बरोबर ओळखतात. इथे मेरीलँडकडे तर असे मऊ निळे खेकडे पावात घालून अख्खे खातात. टाकीतल्या शेजाऱ्यांनाही ती चव कळते. कात टाकणाऱ्याचा वास लागला की दुसरे खेकडे उकरून त्याला खातात. जात वेगळी असो की तीच, याला अपवाद नाही. एकत्र टाकीतला खरा धोका हा.

जमिनीवरचे हर्मिट क्रॅब यावर उपाय म्हणून स्वतःला पुरून घेतात. लहान असेल तर काही आठवडे, मोठा असेल तर काही महिने तो वर येत नाही. खालीच कात टाकतो आणि तीच कात खाऊन चुना परत मिळवतो. म्हणून वाळूचा थर निदान १५ सेंटिमीटर, आणि सगळ्यात मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट असावा. पाच भाग वाळू, एक भाग कोकोपीट, आणि मुठीत दाबली तर गोळा टिकेल इतकी ओल. कोरड्या वाळूत त्याचं बीळ ढासळतं. टाकीच्या काचेवर मी पाटी लावली आहे: ‘दिसत नाही म्हणजे मेला नाही. उकरू नका.’ तिचा सगळ्यात जास्त उपयोग मोठ्या माणसांना होतो.

भुकेलेला शेजारी उकरतो, पोट भरलेला सहसा उकरत नाही. त्यामुळे खाण्यात प्रथिनं आणि चुना भरपूर हवा. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून मी सुकट आणते, बिनमिठाची असेल तरच. जोडीला खोबऱ्याचा तुकडा, ओकची सुकी पानं, अंड्याच्या टरफलांचा चुरा आणि माकुळाचं पांढरं कवच, ज्याला आपण समुद्रफेस म्हणतो. हे शेवटचं इथे पाळीव पक्ष्यांच्या विभागात मिळतं.

ज्यांना या टाकीत जागा नाही

एकदा एका मुलीने डब्यात लाल नांग्यांचा खेकडा आणला. शंख नव्हता. दुकानदाराने तो गोड्या पाण्यातल्या माशांच्या टाकीतून काढून दिला होता. हा रेड क्लॉ, आग्नेय आशियातल्या खारफुटीचा. त्याला मचूळ पाणी हवं, चढून बसायला कोरडी जागा हवी आणि घट्ट झाकण हवं, कारण फिल्टरच्या नळीवरूनही तो पळून जातो. सतत गोड्या पाण्यात बुडवून ठेवला तर काही महिन्यांत खंगतो. छोटे मासे पकडून खातो, आणि दोन नर एकत्र ठेवले तर जागेसाठी लढतात. हर्मिट क्रॅबच्या टाकीत त्याला सोडणं म्हणजे कात टाकणाऱ्यांच्या घरात चोर सोडणं.

मग तो फिडलर खेकड्यांबरोबर ठेवावा का, असं त्या मुलीच्या वडिलांनी विचारलं. प्रश्न हुशारीचा होता. फिडलरही मचूळ पाण्याचा. न्यू जर्सीच्या खाऱ्या दलदलीत आणि मुंबईच्या खाडीतही त्याच्या जाती सापडतात. नराची एक नांगी अंगाएवढी मोठी, ती हलवून तो मादीला बोलावतो. पण ती नांगी म्हणजे बरीचशी शोभा. खाणं म्हणजे चिखलातला बारीक सेंद्रिय गाळ, लहान नांगीने वेचलेला. मादीला तर दोन्ही नांग्या लहानच. रेड क्लॉसमोर त्यांचा निभाव लागत नाही. इथे पत्ता जुळतो, स्वभाव जुळत नाही.

सध्या हौशी लोकांत व्हॅम्पायर खेकड्यांचं वेड आहे. जांभळं अंग, पिवळे डोळे. जावा बेटावरच्या जिओसेसार्मा डेनर्ली आणि जिओसेसार्मा हेगन या जातींची शास्त्रीय नोंद २०१५ साली झाली. बाजारात त्या त्याआधीच कित्येक वर्षं विकल्या जात होत्या. त्यांना दमट हवा आणि गोडं पाणी लागतं. यांच्या अंड्यांतून थेट छोटे खेकडेच निघतात, त्यामुळे घरच्या टाकीतही त्यांची वीण होते. हवा हर्मिट क्रॅबसारखीच, म्हणून लोकांना एकत्र ठेवण्याचा मोह होतो. पण हे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे, उथळ जागेत पाचोळ्याखाली राहणारे. वाळू उपसणाऱ्या मोठ्या हर्मिटांच्या पायाखाली त्यांची फरफट होते. त्यांची टाकी वेगळी आणि त्यांच्यापुरतीच बरी. थायलंडचा मायक्रो क्रॅब तर अंगाने सेंटिमीटरभरही नसतो. तो पूर्ण गोड्या पाण्यातला आणि इतका गरीब, की फक्त छोट्या कोळंब्यांबरोबर ठेवावा. इतर कुठल्याही खेकड्याला तो घास वाटतो.

टाकीत तुटलेला पाय सापडला तर लगेच घाबरू नये. संकटात खेकडा स्वतःच पाय तोडून टाकतो आणि पुढच्या कातीला तो पुन्हा फुटतो. मात्र असे पाय वारंवार सापडू लागले तर शेजार जमलेला नाही असं समजून टाक्या वेगळ्या कराव्यात.

नवा येतो तेव्हा

खोक्यातून आलेला खेकडा मी लगेच मोठ्या टाकीत सोडत नाही. तो आधी काही आठवडे छोट्या टाकीत, तशाच दमट हवेत एकटा राहतो. प्रवासाने आणि कोरड्या पिंजऱ्याने थकलेले कितीतरी खेकडे याच काळात दगावतात, आणि अंगावर बारीक किडे असतील तर तेही इथेच दिसतात. मग एखाद्या संध्याकाळी त्याला सोडायचं, कारण हे निशाचर. त्या दिवशी टाकीत खाणं भरपूर आणि शंख जास्तीचे. माशांची औषधं या टाकीच्या आसपासही आणायची नाहीत. त्यांतल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि ते कवचधारी जीवांना विष आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना आवर्जून सांगते. बाजारातले हे हर्मिट क्रॅब किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. त्यांची अंडी समुद्रात फुटतात, पिल्लं तरंगत वाढतात आणि मग शंख शोधून जमिनीवर येतात. हा सगळा प्रवास काचेत घडवणं मोजक्या हौशी लोकांना अलीकडे जमलं आहे, व्यापाऱ्यांना नाही. जपानने तर १९७० मध्येच जमिनीवरच्या हर्मिट क्रॅबना नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. नीट सांभाळला तर हा प्राणी ३० वर्षांहूनही जास्त जगू शकतो. ‘टाकीत विविधता हवी’ म्हणून नवी जात मागवणं म्हणजे दूरच्या एखाद्या किनाऱ्यावरून आणखी एक जीव उचलायला लावणं. आमच्या टाकीत तीन जाती आहेत, कारण लोकांनी तीन जातींचे खेकडे टाकून दिले. आम्ही विकत एकही घेतलेला नाही.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. कोकणच्या खडकांवर भरती-ओहोटीत दिसणारे शंखातले खेकडे बहुतेक क्लिबनॅरियस आणि डायोजेनिस या समुद्री वंशांचे. बाटलीत भरून पुण्या-मुंबईला आणले तर ते मरतात. सह्याद्रीतले घाटियाना वंशाचे रंगीत खेकडे फोटोत मोहक दिसतात. या वंशाची ओळख विज्ञानाला २०१४ साली झाली आणि २०१६ मध्ये त्यात नव्या जातींची भर पडली. त्यांचा वावर घाटातल्या मोजक्याच जागांपुरता आहे, तिथून ते उचलू नयेत. आणि हर्मिट क्रॅबचाच मोठा भाऊबंद असलेला अंदमान-निकोबारचा नारळ खेकडा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पाळणं गुन्हा आहे.

तेव्हा माझा निकाल साधा आहे. एका टाकीत एकच जात ठेवावी. अपवाद फक्त जमिनीवरच्या सीनोबिटा हर्मिट क्रॅबचा, आणि तोही खोल ओली वाळू, गोडं आणि खारं अशी दोन पाणी, आणि दोन्ही तऱ्हेचे भरपूर शंख देता येत असतील तरच. एवढं करण्याची तयारी असेल तर दुकानात जाण्याआधी ओळखीपाळखीत विचारा. हौस फिटून कोपऱ्यात पडलेला एखादा खेकडा कुणाच्या तरी घरी असतोच. आधी तो आणा.